आडव्या घडीची एकतीस मतं

एकतीस मतपत्रिका माझ्या टेबलावर होत्या आणि साहेब म्हणत होते, "परब, बाद करा आणि मोकळे व्हा."

मी मोकळा झालो नाही. मतपत्रिकांवर पंजा ठेवला आणि म्हटलं, "सर, मला थोडा वेळ द्या."

"मशीन असतं ना, तर एव्हाना जेवणं आटपली असती."

यात खोटं काही नव्हतं. विधानसभेची निवडणूक मशीनवर होऊ लागून बरीच वर्षं झाली होती. पंचायतीची मात्र आमच्या गोव्यात कागदावरच चालायची. साहेब निर्णय अधिकारी म्हणून नवे, पणजीहून आलेले, आणि आजवर फक्त मशीनचीच मोजणी केलेले. मशीनचं सील तपासायचं, रिझल्टचं बटण दाबायचं, आकडा लिहून घ्यायचा, एजंटांच्या सह्या घ्यायच्या. तिथे संशयाला जागाच नाही. मशीन एक बटण घेतं, दुसरं घेत नाही.

कागदाचं तसं नसतं. मतदार रबरी शिक्का शाईच्या पॅडवर टेकवतो, आपल्या माणसाच्या चिन्हापुढे मारतो, कागदाची घडी घालतो आणि पेटीत टाकतो. शिक्का रेषेवर पडला, दोन पडले, अंगठा उमटला, की ती मतपत्रिका वेगळी काढायची. तिला आम्ही 'संशयित' म्हणतो. मग निर्णय अधिकारी एकेक बघून ठरवतो, मोजायची की बाद. हा नियम मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला असता. बत्तीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत काढली होती, आणि अर्ध्याअधिक निवडणुका कागदाच्याच पाहिल्या होत्या.

वॉर्ड होता डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या गावचा, सुर्ल्याच्या बाजूचा. खाणी तेव्हा जोरात होत्या. उमेदवार चार. खरी लढत दोघांतच, मतपत्रिकेवरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरात. दुसरी सुलोचना गावडे, चिन्ह पंखा. तिसरा एक ट्रकवाला, चिन्ह टेबल. टेबल एकशे सत्त्याऐंशी, पंखा एकशे अठ्ठ्याहत्तर. नऊ मतांचा फरक, आणि माझ्या पंजाखाली एकतीस.

त्या एकतिसांत प्रत्येकीवर दोन शिक्के होते. एक पंख्यावर, एक टेबलावर.

सुलोचनाबाय हॉलमध्येच होती. भिंतीकडच्या बाकावर, पदर मुठीत धरून. वय चाळिशीच्या आसपास. खाणीच्या वजनकाट्यावर ती ट्रिपीच्या चिठ्ठ्या लिहायची. खनिजाच्या मातीने भरलेला ट्रक काट्यावर आला, की नंबर, वजन आणि वेळ चिठ्ठीवर लिहून ड्रायव्हरच्या हातात द्यायची. खाणीच्या खड्ड्यातलं पाणी उपसून वॉर्डातल्या विहिरी आटल्या, म्हणून ती नळासाठी उभी राहिली. काट्याच्या ठेकेदाराने तिला साफ सांगितलं होतं, "जिखलीस जाल्यार पळोवया. हारलीस जाल्यार परत येवपाची गरज ना." जिंकली तर बघू, हरली तर येऊच नको, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणजे ते एकतीस कागद बाद झाले, तर विहिरीही कोरड्या आणि नोकरीही गेली.

टेबलवाल्याचा एजंट गजानन, गजाबाब म्हणायचे त्याला. दोन ट्रकांचा मालक, एक स्वतः चालवायचा. आवाज मोठा.

"दोन शिक्के म्हणल्यार बाद," तो म्हणाला. "कायदो आसा."

"कायदो माका खबर आसा," मी म्हटलं. मी पेडण्याचा, रागावलो की माझी पेडण्याची बोली बाहेर पडते. "तुमी बसा."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "परब, मुद्दा सांगा."

मी टेबलावरचा कोरा कागद घेतला, शिक्का पॅडवर टेकवून त्यावर मारला, आणि कागद मधोमध आडवा दुमडला. उलगडला तर खालच्या अर्ध्यात दुसरा शिक्का उमटलेला. ओल्या शाईची किमया.

"सर, हे दोन वेळा मारलेले नाहीत. हा घडीचा छाप आहे. चार उमेदवार आहेत. कागद मधोमध आडवा दुमडला की दुसरं घर बरोबर तिसऱ्यावर येतं. पंखा टेबलावर, टेबल पंख्यावर."

साहेब हुशार होते. लगेच म्हणाले, "बरं, घडीचा छाप. पण खरा कुठला आणि छाप कुठला, ते कसं ओळखायचं? फिकट-गडद बघून मी निकाल देणार नाही. उद्या कोर्टात उभं राहावं लागेल."

मला हाच प्रश्न हवा होता. खोटं कशाला बोलू, मनातून उकळ्या फुटत होत्या.

"सर, शिक्का साधी फुली का नाही, याचा कधी विचार केलात?"

मतदानाचा शिक्का फुलीचाच असतो, पण तिच्या चारही टोकांना एकेक फाटा असतो आणि चारही फाटे एकाच दिशेला वळलेले असतात. शिक्का सरळ मारा, तिरका मारा, उलटा धरून मारा, फाटे उजवीकडेच वळणार. घडीतून उमटलेला छाप मात्र आरशातला असतो. त्याचे फाटे डावीकडे वळतात. ज्या कोणी हा शिक्का पहिल्यांदा काढला, त्याने हा एकतीस मतपत्रिकांचा दिवस आधीच बघून ठेवला होता असं मला वाटतं.

दारावरच्या पोलीस बाईंकडून पर्समधला छोटा आरसा मागून घेतला. पहिली मतपत्रिका उचलली आणि साहेबांना जनेलाकडे, म्हणजे खिडकीपाशी, नेलं. तिथे उजेड चांगला होता. पंख्यावरच्या शिक्क्याचे फाटे उजवीकडे. टेबलावरच्याचे डावीकडे. टेबलावरच्यापुढे आरसा धरला तर आरशात तो उजवीकडचा झाला.

साहेबांनी आरसा स्वतःच्या हातात घेतला आणि पुन्हा बघितलं. मग हँडबुक मागितलं. मी पान आधीच दुमडून ठेवलं होतं. चुकीच्या घडीमुळे दुसरा छाप उमटला असेल तर तेवढ्यासाठी मतपत्रिका बाद करू नये, असं त्यात लिहिलेलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

गजाबाबाने वारं फिरल्याचं ओळखलं. हरायला बसलेला माणूस पटकन हरत नाही.

"सायबा, एक सांगूं?" तो म्हणाला. "एकतीस जाणांनी एकेच तरेन घडी घाल्या. आडवी, मागीर परत आडवी. ही खूण न्हय तर कितें? कोणें तरी तांकां शिकयलां. खूण केल्लें मत बाद."

मुद्दा खोटा नव्हता. मतदार ओळखता येईल अशी खूण मतपत्रिकेवर असली तर ती बादच होते. आणि एकतीस कागद खरोखरच एकसारखे दुमडलेले होते. दोन वेळा आडवे, अक्षरं आत, वर काठ दाबलेला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी कागदांकडे बघितलं.

एक कबुली इथेच देतो. मतपत्रिका मतदाराला देण्याआधी मतदान अधिकाऱ्याने ती दुमडून, पुन्हा उलगडून द्यायची असते. पहिली घडी उभी, दुसरी आडवी. उभ्या घडीने शाई उमटली तरी त्याच उमेदवाराच्या ओळीत उमटते, कुणाचं काही बिघडत नाही. मतदान अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण माझ्याकडे होतं. मशीनच्या सवयीने घडीचा भाग मी 'हे सगळ्यांना माहीत आहे' म्हणून पुढे ढकलला होता. माहीत कुणालाच नव्हतं. म्हणजे लोकांना कोरे सपाट कागद मिळाले, आणि ज्याला जशी येते तशी त्याने घडी घातली.

पण एकतीस जणांना एकच घडी कशी येते?

मी एक मतपत्रिका उजेडात धरली. घडीच्या खाचेत तांबडी रेघ होती. शाई जांभळी, ही तांबडी. नखाने खरवडली तर बोटाला लागली. खनिजाची धूळ.

मी गजाबाबाकडे वळलो. पांढऱ्या शर्टाच्या खिशातून एका कागदाचा कोपरा डोकावत होता. त्यालाही तांबडी कड.

"गजाबाब, तुमच्या बोल्सांत ती चिट्टी कसली?"

"ट्रिपीची. कालची."

"मातशी दाखयात."

त्याने काढली आणि काढता काढता त्याचा हात मंदावला. मी ती घेतली आणि मतपत्रिकेशेजारी टेबलावर ठेवली. दोन वेळा आडवी, अक्षरं आत, वर काठ दाबलेला.

"ही खूण कोणाक दाखोवपाक घातल्या?" मी विचारलं.

आधी पोलीस बाई हसल्या, मग बाकीचे. शेवटी गजाबाबही हसला, बिचाऱ्याला दुसरं काय करता येणार होतं. साहेबांनी चिठ्ठी उचलली, दुमडली, उलगडली आणि निकाल लिहायला बसले. ट्रकवाल्यांची ही रोजची सवय आहे, खूण नव्हे, असं त्यांनी कागदावर लिहिलं. मग एकेक मतपत्रिका जनेलाकडे. मी आरसा धरायचा, साहेब बघायचे, दोन्ही बाजूंचे एजंट माना लांब करायचे. आता गजाबाबच मोठ्याने म्हणू लागला, "हें म्हजें. फाटो उजवो. हें म्हजें." तिसऱ्या मतपत्रिकेपासून तो माझ्यापेक्षा वेगाने ओळखत होता.

दोन मतपत्रिकांवर दोन्ही शिक्क्यांचे फाटे उजवीकडे निघाले. त्या मतदारांनी खरोखर दोनदा मारले होते. बाद. आठ टेबलाची. एकवीस पंख्याची.

टेबल एकशे पंच्याण्णव. पंखा एकशे नव्व्याण्णव.

गजाबाबाने फेरमोजणी मागितली. त्याचा हक्कच होता तो, आणि मला आनंदाने पुन्हा मोजायची होती. तेच आकडे आले. साहेबांनी जाहीर केलं तेव्हा बाहेर रस्त्यावर फटाके वाजले, आणि मला वाटलं ते माझ्यासाठीच आहेत. अख्ख्या नोकरीत असं एकदाच वाटलं, म्हणून लिहून ठेवतो.

सुलोचनाबाय सही करायला टेबलाकडे आली. पेन हातात घेतलं आणि सही न करता हळूच म्हणाली, "परबबाब, एक सांगूं? ती घडी हांवेंच तांकां शिकयल्ली."

"म्हणजे?"

"चिट्टेचेर धुल्ल बसता. वजन पुसता, नंबर पुसता. मागीर म्हजेकडेन येवन झगडीं. म्हूण हांवें सांगलें, म्हज्या मुखार आडवी घडी घाल, अक्षर भितर, तेन्नाच ट्रक काट्यावेल्यान सोडटलें." आणि तिने पदराने डोळे पुसले. "म्हाका दिसलें, म्हज्याच घडयेन म्हाका बुडयली."

साहेब ऐकत होते. ते म्हणाले, "बाई, आधी सही करा. बाकीचं नंतर." पण हसत होते.

चार दिवसांनी ठेकेदारानेच तिला निरोप पाठवला. काट्यावर दुसऱ्या कुणाचं अक्षर ड्रायव्हरांना वाचता येत नव्हतं आणि रोज भांडणं होत होती. ती गेली, पण वॉर्डाची निवडून आलेली पंच म्हणून ग्रामसभेला जायची सुट्टी आधी कबूल करून घेतली. नळ यायला दीड वर्ष लागलं.

मशीनला मी नावं ठेवत नाही. मशीन असतं तर तिची एकवीस मतं घडीत अडकलीच नसती, आणि मला आरसाही मागावा लागला नसता. पण कागदावर मतमोजणी करायची तर घडी शिकवावी लागते, एवढं मी शिकलो. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक प्रशिक्षणात पहिला अर्धा तास मी फक्त कागद दुमडायला लावायचो. नव्या कारकुनांना ते पोरखेळ वाटायचं.

पुढच्या पंचायत निवडणुकीत सुलोचनाबाय पुन्हा उभी राहिली. प्रचाराला निघताना पत्रकात दोनच ओळी छापून घेतल्या होत्या, तिने मला मुद्दाम आणून दाखवल्या. पहिल्या ओळीत तिचं नाव आणि चिन्ह. दुसरीत, 'चिट्टी आडवी, मत उभें.'

त्या वेळी तिच्या वॉर्डातून संशयित मतपत्रिका एकही आली नाही. साहेब तोवर बदलून गेले होते. मी त्यांना फोन करून मुद्दाम कळवलं.