फाइल मिटली, ओळख राहिली

माझ्या भागीदाराने मला फसवलं. पैशात नाही, तिथे मी कोणाला जागाच ठेवत नाही. त्याला एक गोष्ट ठाऊक होती, ती त्याने मला सांगितली नाही.

ब्रह्मपुरीत आम्ही दोघं राइस मिलसाठी धानाचा ओलावा मोजणारे सेन्सर बनवतो. सेन्सर आणि पॅनल ज्या भाषेत बोलतात ती त्याने रचली. ते बोलणं फाइलमध्ये पकडून आणलं की उलगडून दाखवणारा प्रोग्रामही त्याचाच. विक्री, घासाघीस आणि भांडणं माझ्याकडे. सेन्सर सुरू होताना एकदाच आपली ओळख सांगतो, पुढे नुसते आकडे पाठवतो. म्हणून प्रोग्रामला ती ओळख लक्षात ठेवावी लागते.

त्या दिवशी मी कुरखेड्याच्या मिलची फाइल पाहिली, मिटली आणि गॅरंटीची तक्रार आली म्हणून सिंदेवाहीच्या मिलमध्ये जाऊन तिथली उघडली. ही फाइल चालत्या सेन्सरवरून घेतलेली, तिच्यात ओळख नव्हतीच. तरी पडद्यावर कुरखेड्याच्या सेन्सरचा नंबर. मी भडकलो. कुरखेड्याचा जुना सेन्सर परस्पर घेऊन आमच्याकडेच गॅरंटी मागता, असं मालकाला कामगारांसमोर सुनावलं. आमचं पहिलं गिऱ्हाईक तो. शांतपणे म्हणाला, "चहा संपवा भाऊ, आन् निघा."

परत आलो तर भागीदार डबा उघडून माझी वाट पाहत होता. माझ्याशिवाय तो कधी जेवत नाही. सगळं ऐकून त्याने विचारलं, "मधात प्रोग्राम बंद केला होता का?"

"फाइल बंद केली ना."

"फाइल नाई, प्रोग्राम. ओळखी त्याच्यातच राह्यतेत. मी तं दरवेळी बंद करूनच दुसरी उघडतो."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"सवयच पडली, भाऊ. ध्यानातच नाई राह्यलं."

जेवण टाकून तो दुरुस्तीला बसला. आता ओळखींचं आयुष्य फाइलपुरतं. फाइल मिटली की त्या जातात, नवी उघडली की कोरी यादी तयार होते. सिंदेवाहीची फाइल पुन्हा उघडली तर प्रोग्राम सरळ म्हणाला, ओळख माहीत नाही. इतकं नीटस काम पाहून माझा अर्धा राग उतरला. त्याच्या डब्यातली तलावाची मासोळी, नेहमीसारखा मोठा तुकडा माझ्याकडे सरकवलेला, तिने आणखी थोडा उतरवला.

पण सिंदेवाहीचा मालक माझा फोन उचलत नाही. भागीदार म्हणतो, मेसेज टाकून दे. मी त्याला म्हणतो, मेसेज कशाला? मी माझी माफी मागेनच. पण उद्याच्या गाडीत तू माझ्या शेजारी बसायचं, त्या माणसासमोर उभं राहायचं आणि प्रोग्राममधली खोट माहीत असून गप्प का राहिलास, ते तुझ्या तोंडाने सांगायचं.