उघडं कपाट

प्रभाकर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी देशाच्या विज्ञान धोरणावरचं व्याख्यान तयार करत होतो. पहिला विचार आला तो हा, की आता या व्याख्यानाची टर कोण उडवणार? मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा, तो नागपुरातल्याच एका सरकारी प्रयोगशाळेतला रसायनतज्ज्ञ. देशोदेशीची धोरणं मी अहवालांतून ताडून पाहायचो आणि तो हसायचा. "तू कागद वाचत राय गा, मी कपाटं पाहतो," म्हणायचा.

साठच्या दशकात तो जर्मनीत शिकून आला. तिथल्या त्याच्या प्रयोगशाळेत म्हणे कपाटांना कुलपंच नव्हती. काही मोडलं तर मोडणाऱ्यानं शेजारच्याला सांगायचं आणि दोघांनी दुरुस्तीला बसायचं. पुढे मॉस्कोला गेला. तिथं संध्याकाळी खोलीच्या दाराला लाखेची मोहोर लागायची, पण दिवसा म्हातारे प्राध्यापक पोरांच्या शेजारी बसून हवं ते यंत्र हातानं घडवायचे. आणि आपल्याकडे? परदेशातून नाजूक तराजू आला तो थेट कपाटात, वर कुलूप. पाहुणे आले की दाखवायचा. पोरं शिकणार कशी, म्हणून प्रभाकरनं तो बाहेर काढला, आणि थोड्याच दिवसांत एका मुलीच्या हातून त्याची दांडी वाकली. मुलीचं नाव त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. कपाटाची किल्ली मात्र साहेबांनी त्याच्याकडून काढून घेतली ती कायमची. त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "जो देश काही मोडूच देत नाही, तो शिकन कसा गा?" एवढंच बोलला.

मग त्यानं इतवारीतल्या एका सराफाचा जुना काटा आणला, काचेच्या पेटीतला, आणि सदर भागातल्या आपल्या घरी पुढच्या खोलीतल्या कपाटात ठेवला. दारं सताड उघडी. कॉलेजची पोरं यायची, वजनं करायची, चुकायची. काटोलहून कुणी संत्र्याच्या बागेतल्या मातीची पुडी तपासायला घेऊन यायचं. हा चहा पाजायचा, पण स्वतः काट्याला हात लावायचा नाही. मलाही कितीदा काट्यापुढे बस म्हणाला. मोडेल या भीतीनं मी कधी बसलो नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. कपाट तसंच उघडं होतं. धूळ बसते म्हणून दार लोटायला गेलो, तशा सुमनवहिनी म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. लावलेलं दिसलं तं पोरं परत जातीन."

तो गेल्यापासून कुणीच आलेलं नव्हतं. मला त्याची, त्याच्या त्या ‘बस’ म्हणण्याची फार आठवण आली. स्टूल ओढून काट्यापुढे बसलो, पेटीची काच वर सरकवली. चिमट्यानं पहिलं वजन पारड्यात ठेवलं.

प्रभाकर, मोडलं तर आता कुणाला सांगू?