बोटांवरचे घट्टे
परवा देवापुढे धूप घातला आणि राळेच्या वासासरशी वीसेक वर्षांपूर्वीचा न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या इस्पितळातला वॉर्ड आठवला. मी तिथे नर्स होते. तिकडे जुलैत हिवाळा; गारठलेली सकाळ होती, खिडकीबाहेर नुसतं धुकं. अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर एक जपानी मुलगी गुंगीत पडली होती. चेलो, म्हणजे थोरलं व्हायोलिन, वाजवून मोठमोठी बक्षिसं मिळवलेली, तिथे कार्यक्रमांसाठी आलेली. कोपऱ्यातल्या तिच्या चेलोच्या पेटीला गजाला लावायच्या राळेचा वास येत होता. अंग पुसताना तिच्या डाव्या हाताची बोटं टोकाशी टणक लागली. एवढ्याशा पोरीच्या हाताला घट्टे! मला कीव आली. मी बोटं कोमट पाण्यात भिजवली, घट्टे हलकेच घासून काढले, वर क्रीम चोळलं. जागी झाल्यावर ती अंगठ्यानं एकेक बोट चाचपत राहिली. "मऊ झाली ना?" मी कौतुकानं विचारलं. "पाच वर्षांची असल्यापासून तारा दाबून झाले होते ते," ती हळूच म्हणाली, "त्यांच्याशिवाय तारा बोटांत रुततात. दोन आठवड्यांनी ऑकलंडला वाजवायचं होतं." मग टाके दुखत असतानाही तिनं मान लववून माझे आभार मानले. कार्यक्रम रद्द झाला. पेपरात कारण आलं, ऑपरेशन. तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. मीही आज पहिल्यांदाच सांगतेय.