सकाळचा निळा धूर

तो निळा धूर आठवला की आज हसू येतं. तेव्हा मात्र एका मुलाचं लग्न मोडायची वेळ आली होती.

मी मालवण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हजेरी आटोपते न आटोपते तोच एक वयस्कर तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा प्रमुख, तणतणत आला. मुंबईतल्या मुलाने त्याला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारी चक्री, असलेली डिझेल गाडी घेऊन दिली होती. हल्ली सकाळी चालू केली की मागून निळ्या धुराचा लोट निघायचा आणि थोड्या वेळाने आपोआप थांबायचा.

“सायबानू, गॅरेजवाल्यान माजो बरो टर्बो काढल्यान आणि जुनो बसयल्यान!”

गॅरेजवाला तरुण होता. तुळशीच्या लग्नानंतर त्याचा बार उडायचा होता. फसवणुकीचा गुन्हा नोंदला, तर मुलीचा बाप सोयरीक मोडणार हे उघड होतं. त्यातच आमच्या खबऱ्याने सांगितलं, की गॅरेजवाला गोणत्यात काहीतरी जड घेऊन सावंतवाडीच्या एसटीत चढला होता. मी त्याला चौकशीला बोलावलं.

“गोणत्यात काय होतं?”

तो कानापर्यंत लाल झाला. “नारळ, सायबानू. सासुरवाडीक नेललंय. टर्बोक मी हात लावूक नाय, फक्त ऑइल बदललंय.”

लाजणारा चोर मी पाहिलेला नाही. पण लाजेवर तपास मिटत नाही. मी मोटार वाहन निरीक्षकांना विनंती केली आणि तांडेलाला गाडी संध्याकाळीच ठाण्यात आणून ठेवायला सांगितलं. तो आला तो फाटकापाशी इंजिन बंद करून, उतारावरून गाडी अलगद घरंगळवत. त्या वेळी मला फक्त फाटकावरच्या हवालदाराच्या पायांची काळजी वाटली.

सकाळी तांडेल आणि गॅरेजवाला या दोघांसमोर निरीक्षकांनी गाडी चालू केली. निळा धूर! “निळा म्हणजे ऑइल जळतंय,” ते म्हणाले. त्यांनी टर्बो तपासला. नटांवरची कंपनीची रंगखूण जशीच्या तशी होती, म्हणजे तो कोणी उघडलाच नव्हता. आत मात्र ऑइल अडवणारं सील गेलं होतं. रात्रभर ऑइल पाझरायचं आणि सकाळी जळायचं.

“गाडी पळवून आणल्यावर इंजिन लगेच बंद करता का?” त्यांनी विचारलं.

मला कालचं फाटक आठवलं. तांडेल अभिमानाने म्हणाला, “लगेच कित्या? पोचायच्या आधीच! मी बोट अशीच लावतंय.”

पंखा वाळूत रुतू नये म्हणून किनारा जवळ आला की ही माणसं मशीन बंद करतात आणि बोट वेगावर सरकू देतात. गाडीचा तापलेला टर्बो मात्र भिरभिरत राहायचा, आणि इंजिनाबरोबर त्याचं ऑइलही बंद व्हायचं; त्यानेच सील जळालं होतं. थांबल्यावर इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, असं निरीक्षकांनी त्याला बजावलं. शिवाय असं करताना ब्रेकही जड होतात, म्हणून मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तांडेल गॅरेजवाल्याकडे वळून म्हणाला, “चुकलंय रे बाबा. आता तूच दुरुस्त कर.”

तक्रार खोटी ठरली, पण तक्रारदार खोटा नव्हता. हा फरक मी त्या दिवशी शिकलो आणि पुढे प्रत्येक तपासात जपला.

लग्नाला मीही गेलो. नवरा-नवरी तांडेलाच्याच गाडीतून आली. दारात वरमाय आरतीचं ताट घेऊन उभी, ताशा वाजतोय, आणि तांडेल कोणाला उतरू देईना. इंजिन चालूच होतं.

“थांबा गो जरा,” तो आतून ओरडला, “टर्बो थंड होवंदे!”