हळू केलेलं मशीन

२०२४ साल. मला एकाहत्तरावं लागलेलं. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. पण अॅक्रिलिक कसं कापायचं हे मला दुसऱ्या कोणी सांगावं, हे मी कधी खपवून घेतलं नाही. डोंबिवलीतल्या कितीतरी दुकानांच्या पाट्यांची अक्षरं माझ्या करवतीखालून गेलीत. हे सांगताना अजून मान ताठ होते. सवय आहे, जात नाही.

गाळ्यात मशीन आणलं ते सुनेने. कॉम्प्युटरवर अक्षर काढायचं, शीट टेबलावर आवळायची, की वरचं गरगर फिरणारं बीट, म्हणजे कापायचं टोक, आपलं आपण कापत जातं. मुलगा नोकरीला, त्यामुळे गाळ्यात ती आणि मी. मी म्हणायचो, "याला डोळे नाहीत, हे काय कापणार?"

"डोळे नाहीत म्हणून तर माझं ऐकतं, बाबा," ती म्हणायची आणि हसायची. मी नाही हसायचो.

आमचं भांडण एकाच गोष्टीवर. मी करवत चालवायचो ती सावकाश, साबणाचं पाणी सोडत सोडत. घाई केली की शीट तडकायची. म्हणून माझ्या डोक्यात पक्कं, हळू कापलं की कड गुळगुळीत. सून उलटं सांगायची. "बाबा, बीट एका जागी रेंगाळलं की घासत बसतं, प्लास्टिक तापून वितळतं. ते पुढे पळालं पाहिजे. भुसा कसा, खोबरं किसल्यासारखा मोठा पडायला हवा. गरमी त्याच्याबरोबर बाहेर जाते." मी ऐकायचो आणि मनात म्हणायचो, तू कालची पोर.

दसऱ्याचा आदला दिवस होता. ठाण्याला नौपाड्यात एक दातांच्या डॉक्टरीणबाई दसऱ्याला सकाळी दवाखाना उघडणार होत्या. बोर्डाची अक्षरं आमच्याकडे. रंग त्यांनी निवडलेला, दुधाळ हिरवा. तसली शीट शीळफाट्याच्या व्यापाऱ्याकडे एकच उरलेली, ती सुनेने आणलेली. हे काम पसंत पडलं तर त्यांच्या कल्याणच्या दवाखान्याचा बोर्डही आम्हालाच मिळणार होता. सुनेने स्वतः बोलून मिळवलेलं हे पहिलं मोठं काम. आठवडाभर ती त्याच एका गोष्टीत होती.

दुपारी तिने मशीन सुरू केलं. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, दुसऱ्या गिऱ्हाइकाचा माल न्यायला आलेला. तो द्यायला जाताना ती म्हणाली, "बाबा, नुसतं बघा हां. हात लावू नका."

हात लावू नका. माझ्याच गाळ्यात, मला.

मशीन किंचाळत होतं. बीट असं पळत होतं की माझ्याच्याने बघवेना. वाटलं, आता तडकणार. वेगाचं गोल बटण समोरच होतं. मी ते फिरवून निम्म्यावर आणलं. आवाज खाली आला. मला बरं वाटलं. म्हटलं, बघ, जनावरसुद्धा हात ओळखतं. थोड्या वेळाने गोडसर जळका वास यायला लागला. मला वाटलं, नव्या शीटचा असेल. मग बीटभोवती हिरवी चिकट गाठ धरली. मागे कापलेली फट वितळून परत चिकटत चालली होती. तरी मी बटणाला हात लावला नाही. कारण लावला असता तर ती बरोबर ठरली असती.

वासाने ती धावत आली आणि लाल बटण दाबलं. शीट गेली होती. कडा कशा, उतू गेलेलं दूध शेगडीवर वाळावं तशा. तिने वेगाच्या बटणाकडे पाहिलं आणि ते मुकाट परत जागेवर नेऊन ठेवलं. माझ्याकडे पाहिलंच नाही.

मग फोन लावला. "मॅडम, माझ्याकडून चूक झाली. सेटिंग चुकलं माझं. उद्यापर्यंत अक्षरं नाही होणार." पलीकडच्या बाई मोठ्याने बोलत होत्या, मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. "झेपत नव्हतं तर काम घ्यायचंच कशाला? कल्याणचं विसरा आता." सून नुसतं "हो मॅडम, हो मॅडम" करत होती. मी पाठ करून बसलेलो, एका वितळलेल्या अक्षराची कड पात्याने खरवडत. काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून. मध्येच उठून फोन हातात घेता आला असता. नाही घेतला. घरी जाताना रिक्षात ती म्हणाली, "जेवायला काय करू, बाबा?" तिने शिव्या दिल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

दसऱ्याला गाळ्यात अवजारांची पूजा मी करतो. माझ्या करवतीला पहिलं कुंकू, मग बाकीच्यांना. दुसऱ्या दिवशी सकाळी ताट तिच्या हातात दिलं. "तू कर. मी जरा ठाण्याला जाऊन येतो."

"आज? कोणाकडे?"

"आहे काम."

दवाखान्याच्या दाराला झेंडूचं तोरण होतं आणि वर भिंत मोकळी. पाहुणे चपला काढून आत जात होते. कोणीतरी मला पाहुणा समजून हातावर पेढा ठेवला. डॉक्टरीणबाई समोर आल्या तेव्हा मी पिशवीतून ते वितळलेलं अक्षर काढलं आणि म्हटलं, "बाई, मी बोर्डवालीचा सासरा. काल तिने नको म्हटलेलं असताना मशीनला हात मी लावला. हे माझं काम."

त्यांनी अक्षर उलटसुलट करून पाहिलं. "मग त्या फोनवर स्वतःची चूक का म्हणाल्या?"

"मी तिथेच बसलेलो म्हणून," मी म्हटलं.