पाच किरणांचा सूर्य

नलिनीताईंचं नाव आधी घेते. पुढं जे सांगणार आहे ते मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. मध्येच धीर सुटला तर निदान त्यांचं नाव तरी लिहून झालेलं असावं.

मी भंडाऱ्याकडची, तळ्यांच्या मुलखातली. आठवीत शाळा सुटली. नवऱ्याला शेंद्र्याच्या एका कंपनीत काम लागलं म्हणून इकडं आले, तेव्हा कुणाशी बोलायचं म्हटलं तरी मी दाराआड व्हायची. जवळच्या सरकारी दवाखान्यात झाडलोटीचं काम मिळालं ते ताईंमुळं. त्या तिथं औषधं द्यायच्या, रोज शहरातून, गारखेड्याहून बसनं यायच्या. गोळ्यांची इंग्रजी नावं वाचायला त्यांनीच शिकवलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुडीवर चित्र काढायचं, हीही त्यांचीच रीत — सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र. त्यांच्या सूर्याला तीनच किरण, घाईतले. मी पाच काढायची. मला वाटायचं, छान दिसतं.

एवढं ज्यांनी दिलं त्यांच्याशी मी काय केलं? सांगते. जरा दमानं सांगते.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. शेंद्र्याकडं कारखान्यांच्या नव्या शेड उभ्या राहत होत्या, भाड्याच्या खोल्या वाढत होत्या, माणसं वाढत होती — आणि टँकर चौथ्या दिवशी. मिळेल ते पाणी प्यायचं, मग जुलाब. डॉक्टर आणि ताईंचं ठरलेलं होतं: साध्या जुलाबाला जलसंजीवनीची पावडर. अँटिबायोटिकची गोळी गरज दिसली तरच. उगाच खाल्लेली गोळी खऱ्या आजारात चालत नाही, हे ताई खिडकीतून एकेकाला समजावायच्या. कुणाला पटायचं नाही. आमच्या दवाखान्याला लोक ‘पावडरीचा दवाखाना’ म्हणायचे.

कौसाआजी म्हणून एक म्हातारी यायची. एकदा तिनं पावडरीचं पाकीट खिडकीतून परत सरकवलं. म्हणाली, “हे कालवायला लिटरभर चांगलं पाणी पायजे म्हणती. घरात तेवढं पाणी असतं तर मी आजारी कशाला पडले असते, बाई?” ताईंनी स्वतःची पाण्याची भरलेली बाटली तिला दिली.

ताई जेवायला उठल्या, तरी आजी तिथंच घुटमळत होती. “लई लांबून आले गं. एखादी गोळी तरी दे.”

जेवायला जाताना ताई मला खिडकीत बसवायच्या, कपाटाची किल्लीही माझ्याकडं द्यायच्या. मी दिल्या, अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या. आठवड्यानं आजी आली ती दोन शेजारणींना घेऊनच. “हिच्या हाताला गुण हाय. ती दुसरी लई कडू.”

मग रोजच सुरू झालं. खरं तर त्या पाच दिवस घ्यायच्या; तेवढ्या पुरल्या नसत्या, म्हणून सगळ्यांना दोन-दोन. शिल्लक मी सांगायची, ताई न मोजता सही करायच्या. दया आली म्हणून दिल्या, असं मी स्वतःला किती वर्षं सांगितलं. पण खरं काय होतं? मला कुणीतरी डॉक्टरीणबाई म्हणायला लागलं होतं. ते मला हवं होतं.

अशात एक दिवस वैद्यकीय महाविद्यालयातून दोन डॉक्टर तपासणीला आले. गरज नसताना किती औषधं दिली जातात, घेणाऱ्याला ती कशी घ्यायची ते कळतं का, हे पाहायला. आत ताई त्यांना केसपेपर दाखवत होत्या, खिडकीत मी होते. कौसाआजी समोर उभी. नाही म्हणायची मला हिंमत झाली नाही — त्या दिवशीसुद्धा.

केसपेपर पाहून ते खूश झाले. ताईंचा चेहरा मी एवढा फुललेला कधी पाहिला नव्हता. मग फाटकाशी जाऊन त्या डॉक्टरांनी लोकांच्या पिशव्या पाहिल्या; ताई आणि मीही मागोमाग गेलो. कागदावर नुसती पावडर, पिशवीत गोळ्यांची पुडी. एकीच्या, दुसरीच्या, आजीच्याही.

“कुणी दिली?”

आजीनं माझ्याकडं पाहिलं. मग ताईंकडं बोट केलं. “ह्या बाईनं.” मला वाचवायला.

ताईंनी पुडी हातात घेऊन उलटी केली. सूर्याला पाच किरण. त्या आता बघतील म्हणून मी मान खाली घातली — पण त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. “औषधांची जबाबदारी माझी आहे, सर,” म्हणाल्या. खिडकीत मला बसवणं नियमात नव्हतं. नाव निघालं असतं तर माझं काम गेलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. ‘मी दिली’ म्हणायला कितीसा वेळ लागला असता?

अहवालात ताईंचं नाव गेलं — कागदावर एक लिहितात, हातात दुसरंच देतात. पुढं त्यांची बदली झाली, लांब, कन्नड तालुक्यातल्या डोंगराकडं. टँकरच्या रांगेत कुणी म्हणालं, “गेली ते बरं झालं. गोळ्या दाबून ठेवत होती.” मी घागर पुढं सरकवली.

जाताना ताईंनी किल्ली टेबलावर ठेवली. माझ्या हातात दिली नाही. एवढंच विचारलं, “दोन गोळ्या खाऊन पुढं त्या माणसांचं काय झालं, कधी विचारलंस?”

नव्हतं विचारलं. एकालाही नाही.

माझं काम टिकलं. ताई आता निवृत्त होऊन गारखेड्यातच राहतात, असं ऐकते. तो अहवाल कुठल्यातरी कपाटात असेल, त्यांच्या नावाचा. एक दिवस तो काढायला लावीन आणि तिथं माझं नाव लिहायला सांगेन. ताईंनी मला पुन्हा हाक मारावी म्हणून नाही. तिथं असायला हवं ते नाव माझं आहे म्हणून.