वाजवून घेतलेला नंदी

तामलवाडीच्या रस्त्याला महांतप्पांचं शेड आणि माझं लोहारकामाचं दुकान यांच्यामध्ये एकच पत्रा आहे. ते काळ्या दगडाचे नंदी, दीपमाळा, तुळशीवृंदावनं घडवतात. मी त्यांच्या छिन्न्यांना धार लावून पाणी देतो. मला ते जैनू म्हणतात, माझं नाव जैनोद्दीन असलं तरी.

त्यांच्याइतका भित्रा कारागीर मी बघितला नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगत आलोय. नंदीचा कान कोरायला घेतला की अप्पांना घास उतरत नाही. एक टवका उडाला की मूर्ती खंडित, आणि खंडित मूर्ती कुणी देवळात बसवत नाही. पण टवका निदान डोळ्याला दिसतो. त्यांची खरी भीती दगडाच्या पोटातली. आत भेग असली तर आज काही होत नाही. अभिषेकाचं पाणी मुरत राहतं, आणि एके दिवशी भर पूजेत देव उकलतो. मग सारं गाव अपशकुन म्हणतं, आणि घडवणाऱ्याच्या नावानं बोटं मोडतं.

म्हणून दगड वाजवून घ्यायचा. हातोडीनं हलकेच ठोकायचं. खणकन वाजला तर एकसंध, बद्द वाजला तर सोडून द्यायचा. अप्पांचे कान याबाबतीत इतके पक्के, की त्यांनी नाकारलेला दगड खाणवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवतही नसे.

ते कान गेले. उभा जन्म हातोडा ऐकला, वरून अलीकडं ग्राइंडर, जातील नाहीतर काय. आम्हाला कुणाला कळलं नाही. हाकेला ओ आली नाही की माणूस कामात आहे असं आपण धरून चालतो. कळलं होतं फक्त त्यांच्या बायकोला, उमावैनींना. मग खाणीवर अप्पा दगड ठोकायचे आणि बायकोकडं बघायचे. त्यांनी मान हलवली की दगड गाडीत. 'अप्पांचं घरात चालत नाही, तसं आता खाणीतबी चालत नाही,' अशी आम्ही टिंगल करायचो. ते हसायचे. ऐकू न येता हसायचे, हे आता समजतं.

यंदा तेर भागातल्या एका गावाचा नंदी त्यांनी केला. गुडघ्यावर टेकलेला, गळ्यात घुंगरमाळ, असा देखणा की येणारा-जाणारा मोटारसायकल थांबवायचा. दुसऱ्या दिवशी गावकरी न्यायला येणार होते. दुपारी अप्पा माझ्या दारात येऊन उभे राहिले. ओठ पांढरे पडलेले. मागं वैनी, पदर तोंडात धरून.

"काय झालं अप्पा?"

"भात जळाला," ते म्हणाले.

मला हसू आलं. पण वैनी रडायला लागल्या, आणि मग एकेक उलगडलं. शेडमध्येच गॅसवर कुकर होता. दोघं त्याच्या शेजारी बसून नंदीची पाठ घासत होते. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या असणार. दोघांनाही कळलं ते वासानं. अप्पांनी बायकोला विचारलं, तुला शिट्टी ऐकू आली न्हाय? त्यांनी मान आडवी हलवली.

"वर्ष झालं जैनूभाई," वैनी मला म्हणाल्या. "मलाबी बारीक काय ऐकू येईना. ह्यांच्या तोंडाकडं बघून मान हलवत हुते. न्हाय म्हणलं असतं तर हे भिऊन कामच सोडले असते."

म्हणजे त्या नंदीचा दगड कुणीच ऐकलेला नव्हता.

"चल," अप्पा म्हणाले. "तू ऐक."

लोहाराचे कान कसे शाबूत, असं कुणी विचारेल. मी हल्ली वेल्डिंगच जास्त करतो. माझे डोळे अधू झालेत, कान राहिलेत. पण त्या दिवशी तेही नसते तर बरं, असं वाटलं. बद्द वाजला तर मी काय तोंडानं सांगणार होतो? आणि नाही सांगितलं, तर गावानं वर्षभर त्याच्या पाठीवर पाणी ओतायचं.

वरची भेग असती तर दगड भिजवल्यावर वाळताना रेघ दिसली असती. ते त्यांनी दोनदा करून पाहिलं होतं. आतलं कळायला कानच लागतो. रस्त्यावरचा कंटेनर जाईपर्यंत आम्ही थांबलो. अप्पांनी हातोडी उचलली. ती खाली येईना, मग मीच त्यांचं मनगट धरलं. पाठीवर ठोकलं, वशिंडावर ठोकलं, मागच्या पुठ्ठ्यावर ठोकलं. दोघं नवरा-बायको दगडाकडं नाही, माझ्या चेहऱ्याकडं बघत होते.

खणखणीत वाजला. तिन्ही ठिकाणी. अल्लाची शपथ, देवळातल्या घंटेसारखा.

"एक नंबर दगड हाय अप्पा," मी ओरडून सांगितलं. "कुटंच भेग न्हाय."

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी हसून दाखवलं, मान हलवली. तेवढ्यानं वैनींचा जीव भांड्यात पडला. अप्पांचा नाही.

"हीबी अशीच मान हलवायची," ते म्हणाले.

नंदी गेला, बसला, पावसाळाभर त्याच्यावर पाणी पडलं. दिवाळीच्या आधी त्या गावचे शांतलिंगअण्णा जाता-जाता मुद्दाम शेडपाशी उतरले आणि अप्पांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "नंदी लई झ्याक हाय. केसाएवढीबी रेघ न्हाय."

महांतप्पा त्यांच्याही तोंडाकडं तसेच बघत राहिले.